कंपनी आणि जनाची लाज



‘जनाची नाही, तर निदान मनाची तरी लाज धर,’ असे आपल्याकडील वडीलधारी माणसे चुकलेल्या मुलाला सांगत आली आहेत. या एका वाक्यात माणसाच्या नीतीची दोन ठाणी सांगितलेली आहेत. एक बाहेर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत. दुसरे आत, स्वतःच्या अंतःकरणात. बाहेरचे ढासळले तर आतले सावरून धरील, अशी त्या बोलण्यामागे आशा असते. आज मला आपणांपुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो असा, की जिला मनच नाही अशा व्यक्तीने लाज कोणाची धरावी? अशी व्यक्ती काल्पनिक नाही. आपण तिच्याकडे नोकरी करतो, तिचा माल विकत घेतो, आपली शिल्लक तिच्या भागांत गुंतवतो. तिचे नाव कंपनी.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्तीच आहे. ती जमीन घेते, करार करते, दावे लावते आणि तिच्यावरही दावे लागतात. तिचे संचालक मरतात, ती मरत नाही. तिच्या नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ असा, की भागधारकाने जेवढी रक्कम गुंतवली तेवढ्यापुरतीच त्याची जोखीम. कंपनी बुडाली तरी त्याच्या घरादाराला धक्का लागत नाही. हे तत्त्व आपल्या देशात १८५७ च्या कायद्याने आले. त्याशिवाय लहान माणसाचे पैसे एकत्र होऊन मोठे कारखाने उभे राहिले नसते, हेही खरे. तेव्हा कंपनी या संस्थेची निंदा करण्यासाठी मी उभा नाही. तथापि तिची घडणच अशी आहे, की तिचा हेतू एका ठिकाणी सापडत नाही. अध्यक्ष म्हणतो, मी फक्त नफ्याचे उद्दिष्ट सांगितले. व्यवस्थापक म्हणतो, मी खर्च कमी करण्यास सांगितले. रसायनतज्ज्ञ म्हणतो, मला जेवढे पैसे मंजूर झाले तेवढेच मी वापरले. रात्रपाळीचा कामगार म्हणतो, मला सांगितले तो कॉक मी फिरवला. चौघेही खरे बोलत असतात, आणि सकाळी नदीतले मासे मेलेले असतात.

म्हणजे कंपनीच्या बाबतीत मनाच्या लाजेवर फारसे विसंबता येत नाही. उरते ती जनाची लाज. कंपनीच्या भोवतीचा समाज, म्हणजे शेजारचे कारखाने, गिऱ्हाईक, सरकारी अधिकारी, गाव, वर्तमानपत्रे आणि आपण सर्व, हाच तिच्या नीतीचा मुख्य आधार होय. तो आधार कोठे टिकतो आणि कोठे कोसळतो, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

सहवासाचा गुण

या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी केला. गुन्हा हा दारिद्र्यातून आणि मोडक्या संसारांतून जन्मतो, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. १९३९ साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना सदरलँड यांनी या समजुतीलाच आव्हान दिले. १९४९ साली त्यांचा ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासला होता. न्यायालये आणि सरकारी आयोग यांनी या कंपन्यांविरुद्ध दिलेले एकूण ९८० निर्णय त्यांना सापडले. सरासरी काढली तर एकेका कंपनीच्या वाट्याला १४ निर्णय येतात. आणि या कंपन्या चालवणारी माणसे तर खाऊनपिऊन सुखी, शिकलीसवरलेली होती.

मग ती असे का वागली? सदरलँड यांचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला नवे वाटणार नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! गैरवर्तन हे मनुष्य सहवासातून शिकतो, असे त्यांचे म्हणणे. नवा तरुण नोकरीला लागला की त्याला दोन गोष्टी शिकवल्या जातात. पहिली, नियम चुकवण्याची युक्ती. दुसरी, त्या युक्तीचे समर्थन. ही दुसरी गोष्टच अधिक महत्त्वाची. ‘धंद्यात असेच चालते’, ‘सगळेच करतात’, ‘एवढ्याने काय होते’ ही वाक्ये ऐकत ऐकत तो मुरतो, आणि दहा वर्षांनी तीच वाक्ये नव्या पोराला ऐकवतो. मधल्या काळात आपण वाईट झालो असे त्याला कधीच वाटलेले नसते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बदनामीच्या दाव्याच्या भीतीने सदरलँड यांच्या ग्रंथातून कंपन्यांची नावे गाळावी लागली. नावांसह संपूर्ण आवृत्ती निघाली ती १९८३ साली. म्हणजे जनाची लाज कशी काम करते हे सांगणाऱ्या पुस्तकालाच ती लाज वापरता येऊ नये, अशी व्यवस्था ३४ वर्षे टिकली.

नव्या शहराचा जुना शेजार

आता आपल्या अंगणाकडे वळू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईची दाटी हलकी व्हावी म्हणून खाडीच्या पलीकडे एक नवे शहर वसवावयाचे ठरले. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन निश्चित करण्यात आली. ती जमीन ओसाड नव्हती. तेथे आगऱ्यांची भातशेती होती, मिठागरे होती, कोळ्यांची जाळी वाळत होती. पुढे पनवेलजवळ तळोज्याला दुसरी मोठी औद्योगिक वसाहत झाली. रसायने, औषधे, रंगद्रव्ये, यंत्रांचे सुटे भाग, खाद्यपदार्थ असे हजाराच्या आसपास लहानमोठे कारखाने तेथे आले.

हे सारे नकाशावर नीटनेटके आखलेले होते. राहण्याचे सेक्टर एकीकडे, कारखाने दुसरीकडे, गावठाणे तिसरीकडे. आखणीचा हेतू चांगलाच होता. घराशेजारी धुराडे नको, हे कोणीही मान्य करील. परंतु तिचा एक परिणाम असाही झाला, की जो निर्णय घेतो तो एका ठिकाणी राहतो, आणि त्या निर्णयाचे पाणी वाहत जाते ते दुसऱ्याच्या दारात. कारखान्याचा मालक मुंबईत, व्यवस्थापक वाशी-नेरुळला, माल घेणारे गिऱ्हाईक गुजरातेत किंवा परदेशात. आणि तळोज्याहून वाहणारी कासाडी नदी खाडीला मिळते तेथे कोळ्याचे जाळे. या कोळ्याची आणि त्या मालकाची भेट लग्नाकार्यात नाही, बाजारात नाही, देवळात नाही. मग लाज वाटावयाची ती कोणासमोर?

कासाडीचे पाणी बिघडले, जिताडा आणि चिंबोऱ्या दिसेनाशा झाल्या, मासे मरून काठाला लागतात, अशी तक्रार मच्छीमार वर्षानुवर्षे करीत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली. कोणी छायाचित्रे काढली आणि थोड्याच दिवसांत ती देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी करून रंगद्रव्याशी संबंधित एका कारखान्याला काम थांबवण्याचा आदेश दिला. मच्छीमारांच्या आग्रहावरून नवी मुंबई महानगरपालिकेकडे पाण्याची तपासणी झाली आणि त्यात बीओडीचे प्रमाण लिटरमागे ८० मिलिग्रॅम निघाले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तो आकडा जितका मोठा तितका माशांच्या वाट्याला प्राणवायू कमी. ज्या नदीत माणसाने स्नान करावे तिच्यासाठी ही मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे. ८० चा अर्थ सांगण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

पण येथे विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जी तक्रार मासे मरत असता कोणी मनावर घेतली नाही, ती कुत्री निळी होताच जगाच्या कानावर गेली. कारखान्यांचे वर्तन एका रात्रीत बदलले होते काय? नाही. बदलली ती पाहणाऱ्यांची संख्या. मासा खाडीत मरतो आणि कोळ्याला दिसतो. कुत्रे रस्त्यावर हिंडते आणि शहराला दिसते. पुढे खारघर, कळंबोली, कामोठे येथे वस्ती दाटली, आणि रात्री येणाऱ्या उग्र वासाने तेथील रहिवाशांच्या झोपा उडू लागल्या. तेव्हा तक्रारींना आणखी वजन आले. समाजातील कोणत्या माणसाचे दुःख मोजले जाते, यावर कंपनीची जबाबदारी ठरते ती अशी.

वाकडी वाट मळते कशी

तळोज्याच्या कारखानदारांत सगळेच दुष्ट आहेत असे मानणे हा सोपा आणि चुकीचा मार्ग होय. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करणारे कारखाने तेथे आहेत. त्यांची अडचण समजून घेतली म्हणजे दुसऱ्यांचे वर्तनही समजते. प्रक्रियेला रोज वीज लागते, रसायने लागतात, माणूस लागतो आणि साचलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. हा खर्च मालाच्या किमतीत धरावा, तर शेजारचा कारखाना तो खर्च न करता स्वस्तात माल देतो. मोठी कंपनी आपल्या मालासाठी लागणारे कच्चे रसायन लहान कारखान्याकडून जॉबवर्कने करून घेते, आणि दर ठरवताना तुझे सांडपाणी कोठे जाते, असे विचारीत नाही. तिचे स्वतःचे अंगण स्वच्छ राहते. घाण लहान कारखान्याच्या नावावर पडते. अशा बाजारात सचोटी हा एक जादा खर्च होऊन बसतो. एकजण पावसाळी रात्रीचा आडोसा घेतो, त्याला काही होत नाही असे दुसरा पाहतो, आणि पायवाट मळत जाते.

लहान कारखान्यांना स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही म्हणून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची कल्पना निघाली. तळोज्याचे असे केंद्र कारखानदारांच्याच सहकारी संस्थेकडे होते. पुढे ते औद्योगिक विकास महामंडळाकडे गेले. सहकार हा आपल्या महाराष्ट्राचा अभिमानाचा विषय. पण सहकाराला एकमेकांवर नजर ठेवणारे सभासद लागतात. दुधाच्या संस्थेत पाणी घातलेले दूध कोणाचे, हे लॅक्टोमीटर लावून दारातच कळते. सांडपाण्याच्या नळात शेकडो कारखान्यांचे पाणी एकदा मिसळले, की कोणी काय सोडले हे केंद्राच्या दाराशी सांगता येत नाही. त्यातून उणीव सर्वांची म्हणून कोणाचीच नाही, अशी अवस्था येते. अखेर २०१८ साली हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला, आणि भरपाईपोटी मोठ्या रकमा जमा करण्याचे आदेश झाले. तेथपर्यंत तो नेण्यास मच्छीमारांची बाजू घेणारी स्थानिक माणसेच पुढे आली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता गावाकडे पाहू. जमीन गेली म्हणून त्या गावांतील तरुण कारखान्यांच्या दारात कामाला उभे राहिले. कोणी ठेकेदार झाला, कोणी पाण्याचे टँकर लावले, कोणी भंगाराचा ठेका घेतला. गणेशोत्सवाच्या आणि यात्रेच्या वर्गणीच्या पावत्या कारखान्यांच्या नावे फाटू लागल्या. त्यात गुन्हा नाही. परंतु ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहार अशा ठिकाणी आपोआप सुरू होतो. बापाच्या जाळ्यात मासा येत नाही आणि मुलगा त्याच कारखान्यात हंगामी कामगार आहे, अशा घरात रात्री जेवताना तक्रारीचा विषय कसा निघणार? मिंध्या शेजाऱ्याची लाज कोणालाच वाटत नाही.

आणि सरकारी देखरेख? महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी, केला. मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. त्याच महिन्यात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा तो गाजलेला लेख प्रसिद्ध झाला, ज्यात धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणे, असे प्रतिपादन होते. फ्रीडमन यांनी एक अट घातली होती, ती त्यांचे अनुयायी पुष्कळदा विसरतात. नफा मिळवावयाचा तो समाजाचे नियम, म्हणजे कायदा आणि रूढ नीती, सांभाळून. अर्थात सारा भार पुन्हा समाजावरच आला. जेथे नियमांची आणि नीतीची पातळी खाली, तेथे नफ्याचीही पातळी तितकीच खाली उतरणार.

जवळीक पुरते काय?

येथे कोणी म्हणेल, मालक कामगारांत आणि गावकऱ्यांत राहू लागला म्हणजे प्रश्न सुटला. आपल्याकडे त्याचा दाखलाही आहे. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभारली. मालक तेथेच राहत. त्यांचा लोखंडी नांगर ज्या शेतकऱ्याने घ्यावयाचा तो आसपासच्याच मुलखातला होता. नांगर बिघडला तर उत्तर तोंडावर द्यावे लागे. अशा जवळिकीने माणूस सांभाळून वागतो, यात शंका नाही.

परंतु जवळीक एकटी पुरत नाही, हे जपानमधील मिनामाता गावाने दाखवले. तेथे चिस्सो नावाच्या कंपनीचा कारखाना १९०८ पासून होता. गावाचे पोट, दुकाने, नगरपालिकेचे उत्पन्न, सारे कंपनीवर अवलंबून होते. कारखान्यातून पारायुक्त पाणी उपसागरात जाई. ते माशांत भिनले, माशांतून मांजरांत आणि माणसांत. हातपाय थरथरणे, दृष्टी आणि वाचा जाणे अशा विकाराचे रोगी १ मे १९५६ रोजी अधिकृतपणे नोंदले गेले. ती नोंद कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी केली होती. १९५९ साली त्यांनी मांजराला कारखान्याचे सांडपाणी घालून तोच विकार होतो हे पडताळले. कंपनीने तो निष्कर्ष दडपला आणि प्रयोग थांबवले. त्याच वर्षी मच्छीमार कारखान्यावर चालून गेले. तेव्हा गावचे महापौर, व्यापारी आणि कामगार संघटना यांनी, सांडपाणी बंद करू नका, कारखाना बंद पडेल, अशी विनंती राज्यपालांकडे केली. जपान सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निर्णय दिला १९७३ मध्ये. होसोकावा यांनी आपली साक्ष १९७० साली मृत्युशय्येवरून दिली.

म्हणजे मिनामातात मालक, कामगार, डॉक्टर आणि कोळी एकाच गावात होते. जवळीक भरपूर होती. नव्हते ते स्वातंत्र्य. मिंधेपणाने जवळिकीची धार बोथट केली होती. पण या कथेत एक प्रसंग फार मोलाचा आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये त्या कारखान्यातील एका कामगार संघटनेने ठराव करून जाहीर केले, की या रोग्यांसाठी आपण आजवर लढलो नाही याची आपणांस लाज वाटते. ‘लाजेचा जाहीरनामा’ म्हणूनच तो जपानमध्ये ओळखला जातो. कंपनीला मन नसते, हे मी आरंभी म्हटले. पण कंपनीतील माणसांना ते असते. आणि बोलण्याची सोय झाली म्हणजे ते बोलते. त्या संघटनेला हे बळ आले त्याआधी तिने मालकाशी दीर्घ लढा दिला होता. मिंधेपणा सुटला, मग जीभ सुटली.

नवी मुंबईलाही याचा अनुभव आहे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन केले. गोळीबारात पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावे एकत्र होऊन बोलली, तेव्हा सरकारचा हिशेबच बदलला. दुर्दैव इतकेच, की जमिनीसाठी झालेली ही एकजूट पाण्यासाठी तेवढी झाली नाही. जमिनीचा सातबारा असतो. खाडीतल्या माशाचा नसतो.

कायद्याची मर्यादा

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नवे तत्त्व घालून दिले. धोकादायक उद्योग करणाऱ्याने, आपण काळजी घेतली होती, अशी सबब सांगू नये. नुकसान झाले की भरपाई दिलीच पाहिजे, आणि उद्योग जेवढा मोठा तेवढी भरपाई मोठी. हे तत्त्व जगात पुष्कळ ठिकाणच्या कायद्यापेक्षा पुढचे आहे.

तरीही कायद्याची भाषा हळूहळू बदलते आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. किरकोळ चुकीसाठी कोणी तुरुंगात जाऊ नये, हा युक्तिवाद निरर्थक नाही. पण दंड आणि किंमत यांत एक सूक्ष्म भेद आहे. दंड भरताना मान खाली जाते. किंमत देताना जात नाही. पंधरा लाखांचा आकडा मोठ्या कंपनीच्या हिशेबात ‘इतर खर्च’ या सदरात सहज मावतो. त्या आकड्याला दंडाचे रूप द्यावयाचे की किमतीचे, हे अखेर समाजच ठरवतो.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचे कलम २०१३ च्या कंपनी कायद्यात आले. ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चावी, असा हा नियम आहे. त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले; ते स्वागतार्हच आहे. पण या ठिकाणी मला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाने गाभारा दुधाने भरावा म्हणून गावातले सारे दूध देवळात आणवले. घरोघरची मुले आणि वासरे उपाशी राहिली, आणि गाभारा काही भरेना. एका म्हातारीने आधी घरच्या मुलाबाळांना पाजले, वासरांना पाजले, मग उरलेले खुलभर दूध आणून ओतले, आणि गाभारा भरला. जबाबदारीचा क्रम त्या म्हातारीला ठाऊक होता. नदी बिघडवून नदीकाठच्या शाळेला संगणक देणाऱ्या कंपनीचा गाभारा भरणार नाही. दोन टक्क्यांचे दान मोजण्याआधी उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळाले, हे विचारले पाहिजे.

आपले काम

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, ज्याला झळ लागते त्याला विचारले पाहिजे. प्रकल्पापूर्वी जनसुनावणी घ्यावी, असा २००६ च्या अधिसूचनेचा नियम आहे. परंतु औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना तिने यातून सूट ठेवली आहे. वसाहत एकदा झाली की नव्या कारखान्याविषयी शेजारच्या गावाला विचारण्याचे कारण उरत नाही, असे तिने धरले. तळोज्याचा अनुभव याच्या उलट आहे.

दुसरी गोष्ट, माहिती डोळ्यांपुढे आली पाहिजे. घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्याने आपण काय वापरतो आणि काय सोडतो याचा फलक दारावर लावावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. तो फलक सोप्या मराठीत, ताज्या आकड्यांसह असावा, आणि शाळेच्या सहलीने किल्ल्यांप्रमाणे तोही वाचावा. आकडे वाचणारी मुले ज्या गावात आहेत, त्या गावात रात्रीचा कॉक फिरवताना हात अडखळेल.

तिसरी गोष्ट, कंपनीतल्या प्रामाणिक माणसाला आधार पाहिजे. नोंदणीकृत बाजारातील कंपन्यांनी तक्रारीची संरक्षित सोय ठेवावी, असे कायदा सांगतो. पण लहान खाजगी कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला ती बहुधा नसते. त्याला त्याच्या व्यवसायबंधूंच्या संघटनेने पाठीशी घातले नाही, तर तो होसोकावांसारखा मृत्युशय्येपर्यंत गप्प बसेल.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांची. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी हिशेबतपासनीस, कोणी भागधारक, कोणी खरेदी-अधिकारी. पुरवठादाराचा दर मागताना ‘तुमचे सांडपाणी कोठे जाते?’ एवढा एक प्रश्न जर खरेदी-अधिकाऱ्याने लेखी विचारला, तर प्रदूषण मंडळाच्या एका फेरीइतके काम होईल. आपल्या घरी जेवणाच्या वेळी ‘तुमच्या कारखान्यात असे चालते का?’ असे मुलीने बापाला विचारले, तर त्याहूनही अधिक होईल. ‘तो सगळे मॅनेज करतो’ हे वाक्य आपण लग्नमंडपात कौतुकाने बोलतो. ते ज्या दिवशी कौतुकाचे राहणार नाही, त्या दिवसापासून कंपन्यांच्या वर्तनात फरक पडू लागेल.

समाज बिघडला म्हणून कंपनी बिघडली, असे म्हणून कंपनीला मोकळे सोडावे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. वाईट संगतीत वाढला म्हणून चोराचा गुन्हा माफ होत नाही. पण चोराला पकडून झाल्यावर त्याची संगत तशीच ठेवली, तर दुसरा चोर तयार होतो, एवढे तरी आपण जाणले पाहिजे. कासाडीच्या पाण्यात भरतीची लाट आजही दिवसातून दोनदा वर चढते आणि कारखान्याने सोडलेले ते कोळीवाड्यापर्यंत पोहोचवते. त्या लाटेबरोबर येणाऱ्या बातमीला वाचक मिळवून देणे, हे आपल्या हातातले काम आहे. कंपनीला मन देणे आपल्याला जमणार नाही. तिच्याभोवती जन उभे करणे जमण्यासारखे आहे.